टू-स्ट्रोक डर्ट बाईक: पेट्रोलमधले ऑइल आणि गिअरबॉक्सचे ऑइल कसे निवडावे

टू-स्ट्रोक डर्ट बाईकमध्ये दोन ऑइले असतात आणि त्यांचे काम, आयुष्य व निवडीचे निकष पूर्णपणे वेगळे असतात. एक ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून क्रँककेसमधून जाते, क्रँकची बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोके, पिस्टन आणि सिलिंडर यांना वंगण देते आणि शेवटी जळून सायलेन्सरवाटे निघून जाते. दुसरे ऑइल गिअरबॉक्समध्ये भरून ठेवलेले असते आणि गिअरबरोबर क्लचच्या प्लेटाही त्यातच फिरत असतात. पहिल्याची निवड चुकली तर पिस्टन धरतो (तापून सिलिंडरात अडकतो) किंवा रिंगा चिकटतात, दुसऱ्याची चुकली तर क्लच स्लिप होतो.

धरलेला पिस्टन घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजांत येणारा चालक बहुधा ऑइलच्या ब्रँडला दोष देतो. माझ्या पाहण्यात मात्र दोष ब्रँडचा क्वचितच असतो. तो मापाचा असतो किंवा क्रमाचा. आधी ऑइल विकत घेऊन मग त्याला साजेसे प्रमाण शोधणे हा उलटा क्रम आहे. गाडीची गरज, पेट्रोल, प्रमाण, ऑइल आणि मग जेटिंग (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या, म्हणजे जेटच्या, मापाची निवड), असा सुलटा क्रम आहे, आणि खालील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

टप्पा १: गाडीत ऑइल पंप आहे का, हे आधी पाहावे

ज्या गाडीत वेगळी ऑइल टाकी आणि पंप असतो, तिच्या पेट्रोलच्या टाकीत नुसते पेट्रोल भरायचे असते. ज्या गाडीत पंप नसतो, तिच्या टाकीत ऑइल मिसळलेलेच पेट्रोल गेले पाहिजे. हा भेद कागदावर सोपा आहे, पण कोल्हापूर भागात चिखलात आणि माळावर पळवल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या जुन्या यामाहा आरएक्स १०० किंवा आरएक्स १३५ वरून तयार केलेल्या असतात. या गाड्यांना कारखान्यातून ऑइल पंप होता. पुढे कोणीतरी तो काढलेला असतो किंवा काढलेला नसतो, आणि गाडी दोन-तीन हात फिरून आल्यावर विकणाऱ्यालाही ते सांगता येत नाही.

म्हणून सांगण्यावर न विसंबता स्वतः पाहावे. क्रँककेसवरचे पंपाचे झाकण उघडावे. पंप असेल तर ऑइलची नळी, ॲक्सिलरेटरबरोबर हलणारी पंपाची केबल आणि ऑइल इंजिनात जाते तो तोटीचा भाग तपासावा. पंप काढलेला असेल तर ते इंजिनाकडचे छिद्र पक्के बंद केलेले आहे ना, याची खात्री करावी. ते उघडे राहिले तर तेथून हवा आत शिरते, मिश्रण लीन होते (पेट्रोलच्या मानाने हवा जास्त) आणि टाकीत कितीही चांगले ऑइल ओतले तरी पिस्टन तापतोच.

परदेशी डर्ट बाईकच्या बाबतीतही गृहीत धरू नये. केटीएमच्या टीपीआय (फ्युएल इंजेक्शनच्या) इंजिनांना वेगळी ऑइल टाकी व पंप आहे, तर त्याच कंपनीच्या २०२३ पासूनच्या एसएक्स मोटोक्रॉस गाड्यांना फ्युएल इंजेक्शन असूनही टाकीत प्रीमिक्सच, म्हणजे ऑइल मिसळलेले पेट्रोलच, भरावे लागते.

इशारा: पंप चालू असताना "जादा काळजी" म्हणून टाकीतही ऑइल ओतू नये. दुप्पट ऑइलामुळे स्पार्क प्लग ओला होतो, सायलेन्सर तुंबतो आणि मग तो दोष घालवण्यासाठी मेन जेट (जास्त ॲक्सिलरेटरवर पेट्रोल सोडणारा जेट) लहान केला जातो. खरे संकट त्या लहान जेटमुळे येते.

टप्पा २: पेट्रोल ठरवावे आणि ते बदलू नये

आज बहुतेक पेट्रोल पंपांवर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. टू-स्ट्रोकच्या दृष्टीने त्याचे दोन परिणाम महत्त्वाचे आहेत.

पहिला परिणाम मिश्रणावर होतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला ती सुमारे १३.५ पटच पुरते. म्हणजे जुना जेट तोच ठेवून नवे पेट्रोल भरले, तर इंजिनाला त्या पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते आणि गाडी काही टक्क्यांनी लीन चालते. जे इंजिन आधीच काठावर जेट केलेले असते, त्याला हे काही टक्के पुरेसे असतात.

दुसरा परिणाम पाण्याचा. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी झाले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो. कार्ब्युरेटरकडे जाणारा मार्ग तळातूनच असतो, त्यामुळे इंजिनाला वंगण नसलेला तो थर आधी मिळतो. राधानगरी-गगनबावड्याकडच्या पावसाळी हवेत अर्धी रिकामी टाकी महिनाभर ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. गाडी आठवड्याहून अधिक उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) दोन्ही रिकामी करावीत. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि फ्लोट सुईची रबरी टोकेही इथेनॉलने फुगतात, तेव्हा ती एकदा तपासून घ्यावीत.

जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागते. साध्या आरएक्सला लागत नाही. कोणतेही निवडले तरी जेटिंग त्याच पेट्रोलवर करावे आणि पुढे तेच भरावे.

टप्पा ३: प्रमाण ठरवावे

गाडीच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाण हा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा निकाल असतो. ३२:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला ३१ मिलिलिटर ऑइल, ४०:१ म्हणजे २५, ५०:१ म्हणजे २० आणि ६०:१ म्हणजे सुमारे १७. पाच लिटरच्या कॅनसाठी हेच आकडे अनुक्रमे १५६, १२५, १०० आणि ८३ मिलिलिटर होतात.

आपल्याकडची सर्वांत महाग पडणारी गफलत येथेच होते. गॅरेजमध्ये कोणी "पन्नास टाक" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ लिटरला पन्नास मिलिलिटर आहे की पन्नासास एक, हे विचारलेच जात नाही. लिटरला पन्नास मिलिलिटर म्हणजे २०:१. पन्नासास एक म्हणजे लिटरला वीसच मिलिलिटर. दोहोंत अडीच पटींचा फरक आहे. ज्या जुन्या इंजिनाला २०:१ हवे आहे त्यात "वीस" ऐकून वीस मिलिलिटर ओतले, तर ते इंजिन पहिल्या लांब चढापलीकडे टिकण्याची आशा धरू नये. त्यामुळे प्रमाण नेहमी मिलिलिटरमध्येच बोलावे आणि कॅनवर तसेच लिहावे.

पुस्तिका नसलेल्या, घरी तयार केलेल्या गाडीसाठी माझे मत असे आहे: ट्रॅकवर सतत जास्त आरपीएमवर पळणाऱ्या गाडीला ३२:१, डोंगरवाटांवर मध्यम वेगाने फिरणाऱ्या गाडीला ४०:१. ऑइल फुल सिंथेटिक आहे म्हणून स्वतःच्या मनाने ५०:१ च्या पुढे जाऊ नये. बाटलीवर १००:१ लिहिले आहे, हे त्यासाठी पुरेसे कारण नाही; इंजिन बाटलीने नव्हे, बेअरिंगच्या रचनेने प्रमाण ठरवते.

उलट बाजूने, ऑइल जास्त घातल्याने नुकसान होत नाही हा समजही खोटा आहे. जास्तीचे ऑइल न जळता पॉवर व्हॉल्व्हवर (एक्झॉस्टच्या तोंडाशी असलेल्या झडपेवर), रिंगांच्या खाचांत आणि एक्झॉस्ट पोर्टवर कार्बन होऊन बसते. शिवाय ऑइल वाढले की तेवढ्याच मापाच्या मिश्रणात पेट्रोल कमी होते, म्हणजे गाडी किंचित लीनच होते. ५०:१ वरून ३२:१ वर जाताना हा फरक जेमतेम एक टक्क्याचा असतो, पण त्याची दिशा बहुतेकांना वाटते त्याच्या उलट असते.

टप्पा ४: प्रीमिक्सचे ऑइल निवडावे

"मामा, टू-टी द्या" एवढेच सांगितले तर काउंटरवर हाताशी असेल ती बाटली मिळते. तसे न मागता बाटली फिरवून मागचे लेबल वाचावे. त्यावर तीन गोष्टी शोधायच्या असतात.

पहिली गोष्ट जासोची, म्हणजे वाहनांसाठीच्या जपानी मानक संस्थेची, श्रेणी. एफबी, एफसी आणि एफडी अशा चढत्या श्रेणी दिसतात. एफसी आणि एफडी कमी धुराची ऑइले आहेत आणि एफडीची पिस्टन व रिंगा स्वच्छ ठेवण्याची कसोटी अधिक कडक असते. रोजच्या डर्ट वापरासाठी एफडी ही सरळ निवड आहे. एफडीच्या जोडीने बऱ्याचदा आयएसओ ईजीडी असेही लिहिलेले असते. ते त्याच पातळीचे आहे. काही निव्वळ शर्यतीच्या ऑइलांवर जासोची श्रेणी नसते, कारण त्या कसोटीत धूरही मोजला जातो आणि शर्यतीचे ऑइल धुरासाठी बनवलेले नसते. अशा बाटलीवर श्रेणी नसणे म्हणजे ऑइल हलके असे नव्हे, पण ते पंधरा मिनिटे पूर्ण ॲक्सिलरेटरवर चालणाऱ्या इंजिनासाठी असते, शेतातल्या वाटेवर रमतगमत चालणाऱ्या इंजिनासाठी नसते.

दुसरी गोष्ट, टीसी-डब्ल्यू३ हे अक्षर असेल तर बाटली परत ठेवावी. ते ऑइल बोटींच्या इंजिनांसाठी आहे. ती इंजिने समुद्राच्या किंवा तलावाच्या थंड पाण्याने सतत गार होत असतात, म्हणून त्या ऑइलात राख सोडणारे डिटर्जंट नसतात. एअर-कूल्ड सिलिंडरच्या तापमानात तेच ऑइल पिस्टन स्वच्छ ठेवू शकत नाही. कोकणातून येताना कोणी स्वस्तात कॅन आणला तरी हा नियम बदलत नाही.

तिसरी गोष्ट, ऑइल प्रीमिक्ससाठी आहे की केवळ पंपासाठी. बऱ्याच बाटल्यांवर दोन्हींसाठी चालते असे लिहिलेले असते. उलट, घट्ट शर्यतीची ऑइले केवळ प्रीमिक्ससाठी असतात आणि पंपाच्या बारीक नळीतून ती नीट वाहत नाहीत.

खनिज, सेमी-सिंथेटिक की फुल सिंथेटिक, यावर गॅरेजमध्ये तासन्‌तास वाद चालतो. स्टॉक आरएक्सला चांगले सेमी-सिंथेटिक एफडी ऑइल पुरते. पोर्टिंग केलेल्या (सिलिंडरमधील मार्ग मोठे केलेल्या), एक्स्पान्शन चेंबर (शर्यतीचा फुगीर सायलेन्सर पाइप) लावलेल्या किंवा वॉटर-कूल्ड मोटोक्रॉस इंजिनाला एस्टरयुक्त फुल सिंथेटिकचे पैसे वसूल होतात, कारण एस्टर तापलेल्या धातूला चिकटून राहते. मोटुल कंपनीचे ७१० हे बाजारात सहज मिळणारे एफडी श्रेणीचे उदाहरण आहे, तर मोटुल ८०० ऑफ रोड हे शर्यतीच्या बाजूचे. एरंडेलावर आधारित ऑइलाचा वास अनेकांना प्रिय असतो आणि अतितापात ते खरोखर टिकते. पण ते गोंदासारखा थर सोडते, थंडीत पेट्रोलमधून वेगळे होऊ शकते आणि खनिज ऑइलात मिसळत नाही. वारंवार इंजिन उघडून साफ करणार असाल तरच त्याच्या वाटेला जावे.

तपासणी: ऑइलाचा प्रकार बदलताना टाकी, नळी आणि फ्लोट बाउल पूर्ण रिकामे केले आहेत का? जुन्या मिश्रणावर नवे ओतून प्रयोग करू नये.

फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये मिसळण्याची कल्पनाही मनात आणू नये. ते जळण्यासाठी बनवलेलेच नाही.

टप्पा ५: मिश्रण तयार करावे

मापासाठी मिलिलिटरच्या खुणा असलेले भांडे किंवा मोठी सिरिंज घ्यावी. बाटलीचे झाकण हे माप नव्हे. कॅन धातूचा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेल्या जाड प्लास्टिकचा असावा. पाण्याची बाटली चालत नाही.

१. कॅनमध्ये ठरलेल्या पेट्रोलपैकी अर्धे पेट्रोल घ्यावे.
२. मोजलेले ऑइल ओतावे. घट्ट ऑइलाचा पातळ थर मापाच्या भिंतीला चिकटून राहतो, आणि लहान मापात तो दुर्लक्ष करण्याइतका थोडा नसतो; म्हणून त्याच मापात थोडे पेट्रोल घेऊन ते विसळावे आणि विसळलेले पेट्रोलही कॅनमध्ये टाकावे.
३. झाकण लावून कॅन चांगला हलवावा.
४. उरलेले पेट्रोल ओतून पुन्हा हलवावा.
५. कॅनवर तारीख, प्रति लिटर मिलिलिटर आणि ऑइलाचे नाव लिहावे.

रंगीत ऑइल घेण्याचा एक साधा फायदा येथे मिळतो: निळसर किंवा लालसर छटा दिसली की मिश्रण झालेले आहे हे कळते. नुसत्या पेट्रोलचा कॅन आणि मिश्रणाचा कॅन शेजारी ठेवणाऱ्यांनी तरी हा विचार जरूर करावा.

बऱ्याच पंपांवर सुटे पेट्रोल कॅनमध्ये देत नाहीत. अशा वेळी गाडी टेम्पोतून पंपावर नेऊन टाकीतच मिश्रण करावे लागते. तेव्हा पेट्रोल कॉक आधी बंद करावा. ऑइल घरूनच मोजून लहान बाटलीत न्यावे, टाकीत उरलेले जुने मिश्रण हिशेबात धरू नये आणि किती लिटर भरणार हे आधी ठरवून तेवढेच भरून घ्यावे. निम्मे पेट्रोल पडल्यावर ऑइल ओतावे, उरलेले त्यावर भरावे आणि कॉक उघडण्याआधी गाडी दोन्ही बाजूंना नीट हलवावी. कॉक उघडा ठेवून आधी ऑइल ओतले तर ते घट्टच्या घट्ट फ्लोट बाउलमध्ये उतरते आणि गाडी किक खात नाही.

तयार मिश्रण दोन ते तीन आठवड्यांत संपवावे आणि टाकीत ओतण्यापूर्वी प्रत्येक वेळी कॅन हलवावा.

टप्पा ६: प्लग आणि सायलेन्सर पाहून खात्री करावी

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागेत पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी पळवावी, त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. इन्सुलेटर फिकट तपकिरी असेल तर ठीक. ओला काळा असेल तर मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आहे. पांढरा फटक असेल किंवा त्यावर ॲल्युमिनियमचे चमकते कण असतील तर गाडी ताबडतोब थांबवून जेट मोठा करावा.

सायलेन्सरच्या तोंडातून काळे चिकट पाणी गळू लागले की लोक प्रथम ऑइल कमी करतात. ते चूक आहे. गळतीचे कारण बहुतेक वेळा रिच जेटिंग असते, किंवा इंजिनाला नेहमी इतके हळू चालवले जाते की ऑइल जळण्याएवढे तापमानच होत नाही. आधी पायलट जेट (कमी ॲक्सिलरेटरवर पेट्रोल सोडणारा जेट) आणि कार्ब्युरेटरची जेट सुई पाहावी. प्रमाणाला हात सगळ्यात शेवटी लावावा.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. येथे बरोबर जेट केलेली गाडी गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात नेली की तिथल्या दाट हवेमुळे ती थोडी लीन होते, म्हणून अशा सहलीआधी एक मोठा जेट बरोबर ठेवावा. पन्हाळ्याकडे चढताना फरक उलट दिशेने आणि किरकोळ असतो.

इशारा: घाट उतरताना ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरवर गाडी रोखली, तर चाके इंजिनाला जोरात फिरवत असतात पण आत मिश्रण, आणि म्हणून ऑइल, नाममात्र जात असते. थोड्या थोड्या वेळाने क्लच दाबून ॲक्सिलरेटर एकदा उघडावा.

टप्पा ७: गिअरबॉक्सचे ऑइल निवडावे

येथे वरचे काहीही लागू होत नाही. गिअरबॉक्सच्या ऑइलाने गिअरच्या दातांना वाचवायचे असते आणि त्याच वेळी क्लचच्या प्लेटांना एकमेकींवर पकड धरू द्यायची असते. ही दुसरी अट मोटारीच्या इंजिन ऑइलांना सांभाळता येतेच असे नाही, कारण त्यांपैकी पुष्कळ ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात.

लेबलवर जासो एमए किंवा एमए२ असावे. एमए२ मध्ये क्लचची पकड अधिक असते. जासो एमबी हे स्कूटरसाठीचे कमी घर्षणाचे ऑइल आहे, ते टाळावे. पुस्तिकेत १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-५० लिहिले असेल तर त्या ग्रेडचे, एमए२ श्रेणीचे साधे फोर-स्ट्रोक मोटारसायकल ऑइल निश्चिंतपणे चालते. महागडे फुल सिंथेटिक भरण्यापेक्षा स्वस्त आणि योग्य ऑइल लवकर लवकर बदलणे गिअरबॉक्सला जास्त मानवते, कारण येथे ऑइल जळून खराब होत नाही. ते गिअरच्या दातांखाली चिरडून पातळ होते आणि क्लचच्या भुकटीने मळते.

खास टू-स्ट्रोक गिअरबॉक्सची ऑइलेही मिळतात, उदाहरणार्थ मोटुल ट्रान्सऑइल. पण ट्रकच्या डिफरन्शियलचे जीएल-५ गिअर ऑइल येथे भरू नये. त्यातील गंधकयुक्त द्रव्ये पितळी व ब्राँझच्या बुशांना खातात आणि क्लच स्लिप होण्याचाही धोका असतो. आणखी एक भ्रम म्हणजे गिअर ऑइलाचे आकडे. त्यांची मोजपट्टी वेगळी असते. गिअर ऑइलातले ८० हे इंजिन ऑइलातल्या साधारण २० ते ३० इतकेच घट्ट असते. "ऐंशी म्हणजे फारच जाड" असे म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

टप्पा ८: गिअरबॉक्सचे ऑइल बदलावे

आधी गाडी धुवावी, कारण ड्रेन बोल्टभोवतीचा चिखल बोल्ट काढताच आत जातो. इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करावे, गाडी सरळ उभी करावी, भरण्याचे झाकण आधी उघडावे आणि ते उघडते याची खात्री झाल्यावरच खालचा बोल्ट काढावा. नवा वॉशर लावून बोल्ट पुस्तिकेतील टॉर्कनेच आवळावा. क्रँककेस ॲल्युमिनियमची असते आणि तिचे आटे एकदा गेले की खर्च ऑइलाच्या शंभर पट होतो. मोजूनच ऑइल भरावे. काही गाड्यांच्या क्लच कव्हरवर ऑइलाचे माप कोरलेले असते. मग एक-दोन मिनिटे इंजिन चालवून, थोडे थांबून, गाडी सरळ असताना लेव्हल स्क्रू किंवा काच पाहावी.

ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचे ऑइल पाच ते दहा तासांच्या वापरानंतर बदलावे. गाडी ओढ्यात किंवा भाताच्या खाचरात बुडाली असेल तर तासांची वाट न पाहता त्याच दिवशी बदलावे. काढलेले ऑइल गटारात न ओतता डब्यात साठवून भंगार ऑइल घेणाऱ्याला द्यावे.

टप्पा ९: काढलेले ऑइल वाचावे

ड्रेन बोल्टच्या चुंबकावरचा करडा मऊ लेप नेहमीचाच असतो. तुकडे किंवा नखासारख्या पातळ पापुद्र्या दिसल्या तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. ऑइल दुधाळ असेल तर पाणी आत आले आहे: वॉटर-कूल्ड गाडीत आधी वॉटर पंपाचे सील, इतर गाड्यांत ब्रीदर पाइप आणि क्लच कव्हरचे गॅस्केट पाहावे.

सगळ्यात फसवा दोष क्लच बाजूच्या क्रँक सीलचा असतो. ते सील गेले की क्रँककेस गिअरबॉक्समधले ऑइल ओढून घेते. बाहेर एक थेंबही गळत नाही, पण पातळी उतरत जाते, धूर वाढतो आणि प्लग वारंवार ओला होतो. चालक प्रीमिक्सला दोष देऊन प्रमाण कमी करतो, म्हणजे चुकीच्या ऑइलाची शिक्षा बरोबर ऑइलाला देतो. म्हणून भरलेले आणि काढलेले ऑइल दोन्ही वेळा मोजावे. काढलेल्या ऑइलाला पेट्रोलचा वास येत असेल तर तोच संशय आणखी बळावतो. मॅग्नेट बाजूचे सील गेले तर लक्षण वेगळे असते: तेथून हवा शिरते, ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम खाली येत नाही आणि गाडी लीन चालते. या दोन्हींपैकी काहीही दिसले तर सील बदलेपर्यंत गाडी पळवू नये आणि जेटला किंवा प्रमाणाला हात लावू नये.